रेषेखाली पडलेला बिंदू

बिंदू पडला तेव्हा पुष्पावती दहिफळे भाजलेल्या शेंगा खात होती. पडला म्हणजे आवाज वगैरे काही झाला नाही. तिने शेवटच्या नमुन्याचे दोन आकडे रकान्यात भरले, एंटर दाबलं, आणि इतका वेळ पडद्यावर ऐटीत वर चढत गेलेली निळी रेषा एकाएकी मान खाली घालून बसली. बाकीचे सगळे बिंदू वरातीत चालल्यासारखे एका चालीने वर निघालेले, आणि हा एकटाच खाली, कुणीतरी गर्दीतून ढकलून दिल्यासारखा. पुष्पावतीने तोंडातला दाणा चावायचा थांबवला. आकडे चुकले असतील म्हणून पुन्हा ताडून बघितले. चुकले नव्हते. मग तिने दाणा चावला, पण त्याची चव गेली होती.

दगड किती सोसतो ते बघणं ही तिची नोकरी. सावेडीतल्या या टेस्टिंग लॅबमध्ये जिल्ह्यातून दगडाचे गोल दांडके येतात. जमिनीत खोल छिद्र पाडून काढलेले, मनगटापेक्षा थोडे जाड. त्यांना सगळे कोर म्हणतात. त्यांचे तुकडे कापायचे, मशीनमध्ये उभे करायचे, बाजूने तेलाचा दाब देऊन घट्ट धरायचे, वरून लोखंडी तबकडीने दाबत न्यायचे, आणि फुटला की कितीवर फुटला ते लिहायचं. बाजूने जितकं घट्ट धरावं तितका दगड वरून जास्त सोसतो. माणसांच्या बाबतीतही हे खरं असावं, पण त्याचं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही. दगडाचं निघालं आहे. त्याला आकड्यांच्या जोड्या द्यायच्या. ते त्यांतून एक रेषा ओढतं आणि सांगतं, की हा दगड, तडा नसलेला, अख्खा असा, मुळात एवढ्या ताकदीचा. शेजारच्या खोलीत दगड फुटला की फाटक आदळल्यासारखा आवाज येतो आणि पुष्पावती खुर्चीत दचकते. नोकरीच्या पहिल्या दिवशी दचकली होती, अजून दचकते. लॅबमधल्या लोकांनी त्यावर विनोद करून झाले, मग विनोदही जुने झाले, दचकणं तेवढं राहिलं.

तुकडे भंडारदऱ्याचे होते. धरणाच्या मागच्या अंगाने जाणारा रस्ता रुंद करायचा होता. उन्हाळा संपता संपता तिकडे काजवे बघायला पुण्यामुंबईची मंडळी येतात, त्यांच्या गाड्या एकमेकींत अडकतात आणि अंधारापर्यंत पोचायला उशीर होतो. तो उशीर टळावा म्हणून डोंगराची एक कड कापायची ठरली होती. कडेच्या माथ्यावर वरची वाडी. दगड चांगला असेल तर कड उभी कापता येते, वाडी जागच्या जागी राहते. दगड कच्चा असेल तर कड तिरपी कापावी लागते, उतार मागे मागे सरकतो आणि वाडीतली घरं त्या उताराच्या पोटात जातात. आणि दगड कच्चा असूनही चांगला आहे असं कुणी लिहून दिलं, तर कड उभीच कापली जाईल, वाडी जागेवर राहील, आणि मग एखाद्या श्रावणात जागेवर राहणार नाही. म्हणजे बिंदू धरला तर घरं जाणार होती, आणि बिंदू खरा असून वगळला तर माणसं. अहवाल सोमवारी द्यायचा होता. खाली सही पुष्पावतीची.

लॅबचे मालक राधाकृष्ण सर चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले. सर रेषा लांबूनच बघतात, जवळून बघितली की त्यांना चष्मा लागतो.

"एवढा एकच ना?"

"एकच."

"मग वगळा की त्याला. राईट क्लिक."

"कारण काय लिहू, सर?"

"कारण लिहायला रकाना आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. कंपनीनेच ठेवला नाही म्हणजे लागत नसेल." सरांनी घोट घेतला. "मॅडम, एवढे सगळे दगड एका बाजूला आणि हा एक दुसऱ्या बाजूला. लोकशाही आहे."

तिने राईट क्लिक केलं. सॉफ्टवेअर खात्री आहे का असंसुद्धा विचारत नाही. रेषा सुटकेचा श्वास सोडल्यासारखी वर गेली, रेषा बिंदूंना किती जुळते ते सांगणारा कोपऱ्यातला आकडा एकाच्या, म्हणजे पैकीच्या पैकीच्या, अगदी जवळ जाऊन बसला, सर "वा" म्हणाले आणि आपल्या केबिनमध्ये गेले. पण वगळलेला बिंदू पडद्यावरून जात नाही. तो राखाडी होतो, त्याच्यावर एक बारीक फुली येते, आणि तो आपल्या जागी बसून राहतो. हे पुष्पावतीला काही नवीन नव्हतं. मशीनचं तेल गळलं, नमुना वाकडा कापला गेला, असे बिंदू तिने पूर्वी वगळले होते आणि त्यांची कारणंही रकाना नसताना समासात लिहिली होती. या बिंदूला कारण नव्हतं. तो नुसता कमी पडला होता. आणि तिच्या जिभेवर शेंगांची चव परत आली, पण आत्ताच्या नाही. त्या शेंगा कच्च्या भाजलेल्या, थोड्या मातीच्या, मारुतीच्या देवळामागच्या होत्या.

पाथर्डीकडच्या त्यांच्या गावात तपासणीचे साहेब यायचे असले की गुरुजी वर्गातली कच्ची पोरं निवडून देवळामागे नेऊन बसवायचे. मारायचे नाहीत, रागवायचे नाहीत. उलट ओंजळ ओंजळ शेंगा द्यायचे. "खा, गप बसा, साहेब गेले की हाक मारतो." मग वर्गातून पाढे ऐकू यायचे, एका सुरात, एकही पोर न अडखळता, आणि देवळामागे टरफलांचा ढीग वाढायचा. पुष्पावती दरवर्षी त्या ढिगापाशी असायची, कारण दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला कोल्हारकडे जायचं आणि परत येईपर्यंत वर्ग भागाकारावर गेलेला असायचा. तिच्या शेजारी बसायचा तो वाल्मिक पुढे टोळीचा मुकादम झाला आणि आता तिच्यापेक्षा मोठ्या गाडीतून फिरतो, त्यामुळे त्या शेंगांनी नुकसान झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शाळेला मात्र दरवर्षी शाबासकी मिळायची. गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त रेषा सरळ केली होती. पुष्पावतीला त्या वेळी वाईटही वाटलं नव्हतं, शेंगा चांगल्या होत्या. एवढंच, की एकदा साहेब गेले, शाळा सुटली, दिवस कलला, आणि गुरुजी हाक मारायची विसरले.

तिने बिंदू परत आत घेतला. रेषा पुन्हा खाली बसली. वरची वाडी डोंगरावरून सरकली. बाहेर काढला, वाडी परत जागेवर. आत. बाहेर. तिच्या उजव्या हाताच्या एका बोटाखाली दुसऱ्यांची घरं खालीवर होत होती आणि बोटाला शेंगांचं मीठ लागलेलं होतं. शेवटी तिने फुटलेल्या तुकड्याचा फोटो उघडला. बाकीचे तुकडे काळेभोर, एकसंध, आणि याच्या अंगावर पांढरे ठिपके, तिळासारखे. विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसला, पोकळ पोकळ दगड. असा थर काळ्या पाषाणात मध्येच येऊ शकतो. डोंगर कुणाला विचारून रचलेला नसतो. आणि नसूही शकतो. तिने कोरच्या पेट्या सांभाळणाऱ्या सहादेव भांगरेला फोन लावला. तो तिकडचाच, जमिनीखाली ज्या खोलीवरचे तुकडे मागवले ते पेटीतून काढून, कागदात गुंडाळून त्यानेच पाठवले होते.

"सहादेवभाऊ, तो मधला तुकडा पेटीतलाच ना?"

"पेटीतलाच की, ताई. दुसरीकडनं कुठनं?"

"नीट आठवून सांगा."

"समदं हाय तसंच हाय," सहादेव म्हणाला, पण जरा थांबून म्हणाला. ते थांबणं पुष्पावतीने घरी नेलं.

घरी आई, केशरबाई, भाकरी करत होती. लेकीचं तोंड बघून तिने विचारलं, आणि पुष्पावतीने सांगितलं, की एक दगड बाकीच्यांपेक्षा फार लवकर फुटला.

"मंग दुसरा घ्या की," केशरबाई म्हणाली. "डोंगरात दगडाला तोटा हाय व्हय?"

"असं नाही चालत, आई. तोच का फुटला ते बघावं लागतं."

"त्याला इचारलं का?"

या प्रश्नावर भूशास्त्रात उत्तर नाही. रविवारी सकाळी नवरा कल्याण तिला स्कूटरवरून तारकपूरच्या स्टँडवर सोडायला आला. निघताना त्याने तिची पिशवी उचलून बघितली आणि परत ठेवली.

"काय आहे यात?"

"दगड."

"बरं," कल्याण म्हणाला. संसाराला इतकी वर्षं झाली की माणूस पुढचा प्रश्न वाचवतो.

पिशवीत त्याच तुकड्याचं कापून उरलेलं टोक होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. तुकडे मशीनमध्ये घालण्याआधी त्यांची टोकं करवतीने सपाट करतात आणि उरलेला कचरा डब्यात टाकतात; हे टोक तिने डब्यातून शोधून काढलं होतं. एका अंगाने कापलेलं, दुसऱ्या अंगाने डोंगरात मोडलं तसंच. मोडलेल्या दगडाचं एक असतं, की त्याचा शेजारी जगात एकच असतो. पेटीतल्या वरच्या किंवा खालच्या तुकड्याशी ते टोक जुळलं, तर दगड त्याच जागचा, बिंदू खरा, आणि वाडी जाणार. मग निदान तिला माहीत तरी असेल. एसटी राहुरी सोडून पुढे निघाली तशी तिला जाणवलं, की दगड जुळू नये असं तिला वाटतंय, आणि हे वाटणं म्हणजेही एक प्रकारचं राईट क्लिकच आहे. तिने पिशवी पायांत घट्ट धरली.

कोल्हारचा पूल आला. खाली प्रवरा, दोन्ही काठांनी ऊस, अर्धा तोडलेला. लहानपणी पुष्पावतीला भंडारदरा हे माणसाचं नाव वाटायचं, कारण मळ्यातले लोक म्हणायचे, भंडारदऱ्यानं पाणी सोडलं, भंडारदरा यंदा देत न्हाई. कुणीतरी मोठा बागायतदार असावा, आणि तो बापाला ओळखत असावा असं ती धरून चालली होती. या पुलाच्या पलीकडे त्यांच्या कोप्या असायच्या, उसाच्या पाचटाच्या, आणि कोप्यांच्या मध्ये एका पत्र्याखाली तोडणाऱ्यांच्या पोरांची साखरशाळा. तिथे सगळेच तिच्यासारखे, दिवाळीपर्यंत शिकलेले. तिथे ती पहिली यायची. तीच पोरगी, तीच पाटी, तोच भागाकार न येणं. नदीच्या या काठाला पहिली आणि पाथर्डीला देवळामागे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे ते तिलाच नीट कळलेलं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, पिशवी वाटेतनं घ्या," आणि तिने ती मांडीवर घेतली. दगड मांडीला गार लागला. लोणी गेलं, संगमनेर गेलं, अकोल्याला एसटी बदलली, आणि राजूरनंतर झाडं जवळ आली.

शेंडीला सहादेव मोटारसायकल घेऊन उभा होता. पन्नाशीचा, डोक्याला मफलर, ऊन मी म्हणत असताना.

"ताई, येवढ्या उन्हाच्या कशाला आल्या? मी फोटू काढून धाडला आस्ता."

"फोटोला टोक नसतं, सहादेवभाऊ."

"आसं," सहादेव म्हणाला आणि त्याने किक मारली.

पेट्या ठेवलेली पत्र्याची शेड वरच्या वाडीच्या तोंडाशीच होती. शेडच्या मागे सहादेवचं घर; दारात वाळत घातलेल्या नाचणीपाशी कोंबड्या. पुष्पावतीने घराकडे बघायचं टाळलं. हे घर कडेच्या अगदी जवळ होतं. तिरपा उतार मागे सरकायला लागला की सगळ्यात आधी त्याच्या पोटात हे जाणार होतं, आणि सहादेवला ते माहीत नव्हतं. वाडीला एवढंच माहीत होतं, की रस्ता मोठा होणार आणि चहाची टपरी टाकता येणार. तिनेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानंतर तो जे बोलला असता त्याला काही किंमत उरली नसती.

सहादेवने पेटी उघडली. लांब लाकडी खण, त्यांत तुकडे ओळीने, खोलीप्रमाणे, प्रत्येकावर निळ्या रंगाने आकडा. मधला तुकडा गेला होता तिथे लाकडाचा ठोकळा ठेवलेला. पुष्पावतीने कागद सोडला, टोक काढलं आणि खालच्या तुकड्याला लावून बघितलं. बसलं नाही. फिरवून बघितलं. बसलं नाही. वरच्या तुकड्याला लावलं, तिथेही नाही. पण नुसतं न जुळणं हा पुरावा नव्हे. खोदताना मशीन मधला थोडा दगड खाऊन टाकतं, मग टोकं झिजतात आणि सख्खे शेजारीही एकमेकांना ओळखत नाहीत. ती टोक हातात धरून बसली. सहादेव उभा होता आणि पत्र्याकडे बघत होता, जणू पत्र्यात काही लिहिलंय. तेवढ्यात त्याची बायको छबूबाई चहा घेऊन आली, आणि मोठी माणसं दगडाला दगड लावून बघतायत हे बघून उभी राहिली.

"आन् ह्ये कसं जुळंल?" ती म्हणाली. "मधला तर देव हाय."

"तू च्या दी अन् जा," सहादेव म्हणाला.

"का जाऊ? ताईस्नी ठावं न्हाई व्हय?"

"काय ठाऊक नाही मला?" पुष्पावती म्हणाली.

सहादेवने मफलर सोडला, घडी केली, परत गुंडाळला. मग बोलला. खोदताना मशीन अडकलं होतं. वरही येईना, खालीही जाईना. मशीनवाला राजस्थानचा, त्याने सगळे उपाय केले, शेवटी वाडीच्या देवाला नारळ बोलला. दुसऱ्या दिवशी मशीन सुटलं आणि नळीतून तुकडा निघाला तो हातभर लांब, अखंड, अंगावर चीर म्हणून नाही, गुळगुळीत, काळा. त्याआधी सगळे वीत वीत तुकडे येत होते.

"त्यो मशीनवालाच म्हनला, ये तो बाबा है. आमी न्हाई म्हनलो, ताई. त्येनंच हात जोडलं पैल्यांदा."

"मग?"

"मंग काय. देव पेटीत कसा ठिवायचा? वर झाकन, त्येला कुलूप. बसवला पारावर. आन् पेटीत भोक ऱ्हायलं आसतं तर साहेब म्हनले आसते, सहादेवनं कोर इकला."

"कोण विकत घेतंय कोर?"

"ते साहेबाला कोन सांगनार?" सहादेव म्हणाला. हे बरोबर होतं. "म्हनून वढ्यापल्याडच्या बोअरच्या पेटीतनं एक आनला. त्यो बोअर रद्द झालेला, त्या पेट्या नुसत्या पडूनच हुत्या. लांबी मोजून आनला, ताई. आसा तसा न्हाई. आन् आकडा जसाच्या तसा घातला. निळा रंग संपला हुता, राजूरवरनं आनला."

शेवटचं वाक्य त्याने थोड्या अभिमानाने म्हटलं. पुष्पावतीच्या छातीतून काहीतरी एकदम वर आलं, हसू असावं किंवा रडू, पण तिने ते थांबवलं. सुटका इतकी आयती आली की तिला आधी दारातच उभी करावी. माणूस चांगला होता, गोष्ट चांगली होती, आणि त्याचं घर कडेपासून हाकेच्या अंतरावर होतं. कुणी सांगावं, वाडीत कुणी काही बोललंही असेल. आणि नसेलच बोललं तरी उद्या अहवालावर कुणी विचारलं, की तुमचा पुरावा काय, तर ती काय लिहिणार, मशीनवाला म्हणाला ये तो बाबा है?

"मला देव दाखवा," ती म्हणाली.

पार शेडच्या वरच्या अंगाला, हिरड्याच्या झाडाखाली होता. देव मातीत रोवलेला, वीतभर वर दिसत होता, शेंदूर लावून केशरी केलेला, गळ्यात कण्हेरीची माळ. पुष्पावतीने पेटीतला वरचा आणि खालचा, दोन्ही तुकडे बरोबर आणले होते. छबूबाईने तिच्याकडे, मग तुकड्यांकडे बघितलं.

"फोडायचा न्हाई हां."

"नाही, नाही. फक्त टोक लावून बघायचंय."

"मंग चपला काढा."

पुष्पावतीने चपला काढल्या, नमस्कारही केला, कारण या घटकेला कुणाची नाराजी परवडण्यासारखी नव्हती. मग गुडघ्यांवर बसून तिने वरचा तुकडा उचलला आणि त्याचं खालचं टोक देवाच्या माथ्यावर ठेवलं. डगमगलं. फिरवलं. डगमगलं. एका बाजूला उंचवटा, त्याला कुठेच खळगा नाही. ती फिरवत राहिली, पाव पाव वळसा, आणि प्रत्येक वळशाला आतली सुटका दारातून एक पाऊल मागे जात होती. पाठीवर ऊन होतं. मागे सहादेव श्वास घेत नव्हता. खोटं बोललाय, तिला वाटलं, किंवा तो नाही, दगडच खोटं बोलतोय, किंवा कुणीच नाही आणि नुसता डोंगर आहे. तिने तुकडा खाली ठेवला. बोटं केशरी झाली होती. तिने देवाच्या मागे वाकून बघितलं, जिथे शेंदूर पोचला नव्हता. तिथे तो काळाभोर होता, एकही ठिपका नाही. आणि मातीला लागून, अर्धा पुसलेला, मशीनवाल्याने खोलीची दिशा दाखवायला काढलेला निळा बाण. तो आकाशाकडे होता.

पुष्पावती बाणाकडे बघत राहिली. जमिनीच्या पोटात खाली जाणारा बाण वर बघत होता. तिने वळून सहादेवकडे बघितलं, सहादेवने बाणाकडे बघितलं, आणि दोघांनाही एकदमच समजलं, की देव डोक्यावर उभा केलेला आहे.

"खालची बाजू जरा रुंद वाटली," सहादेव हळू म्हणाला. "म्हनून ती वर केली. मुकुटावानी."

"काय म्हनत्यात?" छबूबाईने लांबून विचारलं.

"काय न्हाई. ऊन लागतंय म्हनत्यात."

पुष्पावतीने मग खालचा तुकडा घेतला, उलटा केला, आणि त्याचं वरचं टोक देवाच्या माथ्यावर ठेवलं. अर्धा वळसा. थोडा अजून. आणि तो बसला. आवाज इतका लहान झाला, की डब्याचं झाकण लागावं तसा, पण तिला तो दातांत ऐकू आला. उंचवटा खळग्यात, खळगा उंचवट्यात, मध्ये शेंदराचा पातळ थर असूनही कडेला नख जाईना. तिने हात काढून घेतले. तुकडा देवाच्या डोक्यावर स्वतःचा स्वतः उभा राहिला. ती तशीच मातीत मांडी घालून बसली, आणि दारात उभी केलेली सुटका न विचारता आत आली, सगळ्या घरभर फिरली. दगड चांगला होता. डोंगर चांगला होता. उभी कड उभी राहिली असती. सहादेवने आपलं घर स्वतःच्या हाताने, लांबी मोजून, राजूरवरून रंग आणून उठवायला घेतलं होतं, आणि ते राहिलं होतं. छबूबाईने पाणी आणून दिलं. पुष्पावती तांब्या खाली न ठेवता प्यायली.

ओढ्यापलीकडच्या पेट्याही तिने बघून घेतल्या. त्यांत ठिपक्यांचे तुकडे ओळीने होते, आणि एके ठिकाणी हातभर भोक होतं. तिने नेलेलं टोक तिथल्या शेजाऱ्याला पहिल्याच वळशात बसलं. निघताना देवाखालचा, म्हणजे डोंगराच्या हिशेबाने देवाला लागून असलेला तो तुकडा तिने कागदात गुंडाळून घेतला. सोमवारी सकाळी लॅबमध्ये राधाकृष्ण सरांनी कागद सोडला आणि तुकड्याचं टोक बघून त्यांनी डोळ्याला चष्मा लावला, जे ते सहसा करत नाहीत.

"हे लाल काय? लाल थर लागला की काय मध्ये?" सरांचा आवाज बसला. डोंगरात लाल मातीचा थर निघाला की रस्त्याचं काम वर्षभर लांबतं.

"शेंदूर आहे, सर."

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, मला सगळं सांगू नका," ते म्हणाले, आणि तिने सगळं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे आपण शेवटी तो बिंदू वगळतोयच ना? मग मी शनिवारी काय वेगळं म्हणत होतो?"

आकड्यांत बघितलं तर काहीच वेगळं नव्हतं. टोक कापून तुकडा मशीनमध्ये उभा केला. ती आपल्या जागेवर येऊन बसली. दोन आकडे आले, तिने रकान्यात भरले, आणि बिंदू निळ्या रेषेवर जाऊन बसला, फार काही वर नाही, फार काही खाली नाही. जुन्या बिंदूवर तिने राईट क्लिक केलं. पण वगळला नाही. ओढ्यापलीकडच्या रद्द बोअरची फाईल शोधून काढली, जी पुन्हा कुणी उघडणार नव्हतं, आणि तो तिच्यात नेऊन ठेवला. तिथे दुसरी रेषा होती, बुटकी, सगळेच मांजऱ्या. तो नेमका तिच्यावर बसला. अगदी मधोमध. त्या रेषेच्या कोपऱ्यातला आकडासुद्धा थोडा सुधारला. पुष्पावती काही वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि पुलापलीकडचा पत्रा, पाचटाचा वास, पाटीवरचा पहिला नंबर हे सगळं न बोलावता येऊन गेलं.

अहवालात नमुन्यापुढे शेरा लिहायचा होता. तिने लिहिलं: "मूळ नमुना पूजेत असल्याने उपलब्ध नाही, त्यास लागून असलेल्या तुकड्याची चाचणी केली." सरांनी ते वाचलं, "पूजेत असल्याने" वर पेन नेलं, थोडं थांबले आणि पेन खिशाला लावलं. "राहू द्या," ते म्हणाले. "देव हलवायला सांगतील तर ते पाप त्यांच्या अंगावर."

दुपारी सहादेवचा फोन आला.

"ताई, देव लागंल का परत? न्हाई म्हंजे, पेटीत ठिवायचा आसंल तर छबूला सांगाया पायजे आधी."

"नको. असू द्या तिथेच."

"सुलटा करू का?"

"नको, भाऊ. तसाच असू द्या."

"व्हय." तो थांबला. हे थांबणं तिला आता ओळखीचं झालं होतं. "ताई, काल वाडीत कोन तरी म्हनत हुतं, रस्त्यात आमची घरं जात्यात. खरं हाय का?"

"नाही," पुष्पावती म्हणाली. "राहतायत."

"व्हय का," सहादेव म्हणाला, एसटी वेळेवर आहे असं कुणी सांगितल्यावर म्हणावं तसं, आणि चहाच्या टपरीला कोणती बाजू बरी पडेल ते विचारू लागला. ती त्याला सांगत होती, की धरणाकडची, कारण गाड्या तिकडूनच येणार, तेव्हा शेजारच्या खोलीत कुठलातरी दुसरा दगड फुटला. फाटक आदळल्यासारखा आवाज झाला. तिच्या हातातला चहा हलला नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. समोर बसलेले सर तेवढे तिच्या कपाकडे बघत राहिले.